व्हिक्टोरियन कादंबरीतली स्त्री : लग्न, पैसा आणि कायदा

व्हिक्टोरियन काळातल्या (१८३७–१९०१) इंग्रजी कादंबरीत नायिका कुणाच्या प्रेमात पडणार हे कळण्याआधीच तिच्याकडे पैसा किती, हे वाचकाला बहुधा कळलेले असते. जेन एअरला वर्षाला तीस पौंड पगार आहे. ‘मिडलमार्च’मधल्या डोरोथियाचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न सातशे पौंड आहे, आणि ‘द वुमन इन व्हाइट’मधल्या लॉराच्या नावावर वीस हजार पौंड आहेत. हे आकडे लेखकांनी हौसेखातर दिलेले नाहीत. लग्न झाल्यावर हा पैसा कुणाचा होणार, यावर कथानक उभे असते. म्हणून या कादंबऱ्यांतल्या स्त्रीकडे जाताना आधी तिच्या काळचा कायदा पाहावा लागतो.

इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होई. तिची रोकड, तिची मजुरी, लिहून मिळवलेले मानधन, सगळे नवऱ्याचे. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. मृत्युपत्र करायचे तरी नवऱ्याची संमती लागे. मुलांवर हक्क बापाचा. हिंदू कायद्यात निदान स्त्रीधन नावाची गोष्ट होती, इंग्रज बायकोच्या वाट्याला तेवढेही नव्हते. श्रीमंत घराणी यातून वाट काढत. लग्नाआधी वकिलाकडून करारनामा करून घ्यायचा आणि मुलीची मालमत्ता विश्वस्तांच्या हाती ठेवायची. ज्यांना वकील परवडत नव्हता त्यांना ही वाट बंद होती.

कायदा बदलला तो फार संथपणे, आणि बऱ्याचदा एखाद्या गाजलेल्या भांडणानंतर. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन हिच्या नवऱ्याने १८३६ मध्ये पंतप्रधान मेलबर्न यांच्यावर तिच्याशी व्यभिचार केल्याचा दावा लावला. तो हरला, पण तिची तिन्ही मुले त्याने तिला भेटू दिली नाहीत, आणि पुढे तिच्या लेखनाच्या उत्पन्नावरही हक्क सांगितला. तिने केलेल्या चळवळीतून १८३९ चा कायदा आला आणि सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला मिळाली. १८५७ मध्ये घटस्फोट न्यायालयाच्या कक्षेत आला, पण सारख्या अटींवर नव्हे. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग किंवा तसाच आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. विवाहितेची कमाई तिची स्वतःची झाली १८७० मध्ये आणि मालमत्ता १८८२ मध्ये. म्हणजे या काळातल्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या जुन्याच कायद्याच्या छायेत लिहिल्या गेल्या.

कायद्याला आदर्शाची जोड होती. कॉव्हेंट्री पॅटमोर याच्या ‘द एंजल इन द हाउस’ (१८५४ पासून) या दीर्घकाव्याने घरातल्या देवदूतासारख्या पत्नीची प्रतिमा रूढ केली. जॉन रस्किन याने १८६५ मध्ये ‘सेसमी अँड लिलीज’मध्ये घर हे बायकोचे राज्य ठरवले आणि बाहेरचे जग पुरुषाकडे सोपवले. ही विभागणी मध्यमवर्गाची होती. गिरणीत, शेतावर आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या लाखो बायकांना घरात बसणे परवडत नव्हते.

तिसरे बंधन बाजाराचे होते, आणि साहित्याच्या इतिहासात त्याला जितके महत्त्व द्यायला हवे तितके क्वचितच दिले जाते. नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत दीड गिनी असे. सामान्य मध्यमवर्गीय घरालाही ती परवडत नसे. लोक वर्गणी भरून पुस्तके आणत, मुख्यतः चार्ल्स म्यूडी याच्या ग्रंथालयातून; वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड मिळे. म्यूडी एकेका कादंबरीच्या शेकडो प्रती उचलत असल्याने त्याचा नकार प्रकाशकाला परवडणारा नव्हता. कुटुंबात मोठ्याने वाचता येईल आणि घरातल्या कुमारिकेच्या गालांवर लाली येणार नाही, ही त्याची कसोटी. डिकन्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये पॉडस्नॅप या पात्राच्या रूपाने या कसोटीची यथेच्छ टर उडवली, पण स्वतः लिहिताना तिचे भान सोडले नाही. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचे शेवट इतके साचेबंद का आणि मधला भाग इतका धारदार का, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. लग्न किंवा मृत्यू हा शेवट ग्रंथालयाला चालत असे. तिथवर पोचेपर्यंत लेखकाला बरेच काही सांगून घेता येई.

सुशिक्षित पण निर्धन मुलीला अब्रू राखून करता येण्याजोगे काम जवळजवळ एकच होते, गव्हर्नेसचे. १८५१ च्या जनगणनेत अशा वीस हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद आहे. गव्हर्नेस घरातल्या मुलांना शिकवी, पण जेवायला ना मालकांच्या पंक्तीला ना नोकरांच्या. पगार तुटपुंजा, आणि म्हातारपणी आधार कुणाचा नाही. त्यांना मदत करणारी एक संस्था १८४३ मध्ये स्थापन झाली, आणि त्याच प्रयत्नांतून १८४८ मध्ये लंडनचे क्वीन्स कॉलेज निघाले. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ १८४७ च्या ऑक्टोबरात करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. जेन स्वतः वर्तमानपत्रात जाहिरात देऊन नोकरी मिळवते. पूर्वीच्या शाळेत तिला पंधरा पौंड मिळत, थॉर्नफील्डच्या हवेलीत तीस. मालक रॉचेस्टर तिच्या प्रेमात पडतो, पण लग्नाच्या वेदीपाशी कळते की त्याची पहिली बायको जिवंत आहे आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. जेन निघून जाते. परत येते ती मदीराच्या चुलत्याकडून वारशाने वीस हजार पौंड मिळाल्यावर, आणि त्यांतले पंधरा हजार तीन आतेभावंडांत वाटून टाकल्यावर. प्रेम आणि स्वाभिमान यांचा मेळ बसायला हातात पैसा लागतो, हे शार्लट ब्राँटीला पक्के ठाऊक होते. ती स्वतः गव्हर्नेस होती.

या कादंबरीवरचे एक परीक्षण त्या काळची मनोवृत्ती दाखवायला पुरेसे आहे. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’च्या डिसेंबर १८४८ च्या अंकात एलिझाबेथ रिग्बी हिने ‘जेन एअर’, थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ आणि गव्हर्नेसांच्या मदतसंस्थेचा वार्षिक अहवाल या तिन्हींचा एकत्र समाचार घेतला. कादंबरी आणि संस्थेचा अहवाल एकाच पंगतीला बसवण्यात तिला वावगे वाटले नाही, कारण दोन्हींचा विषय तिच्या मते एकच होता. जेनची बंडखोरी तिला धर्मविरोधी वाटली. परमेश्वराने नेमून दिलेल्या स्थितीवर ही मुलगी कुरकुरते, हा तिचा मुख्य आक्षेप. लेखक स्त्री असेल तर ती सभ्य स्त्रियांच्या संगतीला मुकलेली असावी, असाही शेरा तिने मारला. परीक्षण करणारी स्वतः स्त्रीच होती, आणि अंकात तिचे नाव छापलेले नव्हते. थॅकरेची बेकी शार्पही गव्हर्नेस म्हणून सुरुवात करते, पण जेनच्या उलट मार्गाने जाते. तिच्याकडे ना पैसा ना घराणे. बुद्धी आणि रूप एवढ्या भांडवलावर ती समाजाच्या शिड्या चढते. थॅकरे तिची निंदा करतो आणि तिच्यात रमतोही.

वरच्या मजल्यावर कोंडलेली बर्था मेसन हिच्याकडे समीक्षेचे लक्ष गेले ते फार उशिरा. ती जमैकाहून आलेली, तीस हजार पौंडांचा हुंडा घेऊन. जीन ऱ्हीस हिने १९६६ मध्ये ‘वाइड सार्गासो सी’ लिहून तिची बाजू मांडली. १९७९ मध्ये सॅंड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी बर्थाला जेनच्या दडपलेल्या संतापाचे रूप मानले. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ मध्ये त्यावर आक्षेप घेतला: इंग्रज नायिकेची मुक्ती वसाहतीतल्या स्त्रीच्या राखेवर उभी राहते, ही बाब दृष्टिआड करता येणार नाही. हा आक्षेप आजही टिकून आहे.

शार्लटची धाकटी बहीण अ‍ॅन हिची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) मात्र कायद्याच्या प्रश्नाला थेट हात घालते. हेलन हंटिंग्डनचा नवरा दारुडा आणि बाहेरख्याली आहे, आणि आपल्या लहान मुलालाही तो दारूची चटक लावू पाहतो. हेलन गुपचूप चित्रे काढून पैसे साठवते आणि मुलाला घेऊन पळायचा बेत करते. नवरा तिची रोजनिशी हिसकावून वाचतो आणि तिचे कुंचले, रंग असे चित्रकलेचे सामान शेकोटीत टाकतो. कायद्याने त्याला तसे करता येत होते. सामानही त्याचेच, चित्रांचे पैसेही त्याचेच. शेवटी ती पळते, खोट्या नावाने राहते आणि चित्रे विकून पोट भरते. कथानकाचा काळ १८२० च्या दशकातला, म्हणजे कॅरोलाइन नॉर्टनच्या कायद्याच्याही आधीचा. मुलाला घेऊन जाण्याचा कोणताच हक्क तिला नव्हता. टीकाकारांना ही कादंबरी असभ्य वाटली. अ‍ॅन १८४९ मध्ये वारली आणि त्यानंतर शार्लटनेच तिची नवी आवृत्ती निघू दिली नाही, विषयाची निवड चुकली असे म्हणून. तिघी ब्राँटी बहिणींच्या कादंबऱ्यांत स्त्रीच्या कायदेशीर दुर्दशेचे इतके स्वच्छ निदान दुसरीकडे नाही. या कादंबरीला मिळायला हवे होते ते स्थान अजूनही पुरते मिळालेले नाही.

विल्की कॉलिन्सने तेच दुखणे रहस्यकथेत मांडले. ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये (१८५९–६०) लॉराच्या लग्नाच्या करारनाम्यावर वकील गिल्मोर अडून बसतो, कारण लॉरा निपुत्रिक मेली तर सगळे वीस हजार पौंड आपल्याला मिळावेत, असे कलम नवऱ्याला हवे आहे. पालक असलेला काका डोकेदुखीचे निमित्त करून सही देऊन मोकळा होतो. पुढे लॉराला दुसऱ्याच बाईच्या नावाखाली वेड्यांच्या इस्पितळात टाकतात आणि ती मेल्याचे जाहीर करतात. वाचकांना हे अतिरंजित वाटण्याचे कारण नव्हते. कादंबरीकार एडवर्ड बुलवर-लिटन याने १८५८ मध्ये आपली विभक्त पत्नी रोझिना हिला, तिने निवडणुकीच्या सभेत त्याची जाहीर निर्भर्त्सना केल्यावर, वेड्यांच्या इस्पितळात टाकले होते. वर्तमानपत्रांत ओरड झाली तेव्हा काही आठवड्यांनी तिची सुटका झाली. कॉलिन्सच्या पाठोपाठ मिसेस हेन्री वुड यांची ‘ईस्ट लिन’ (१८६१) आणि मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ (१८६२) आली. यांत बायका घर सोडतात, पहिले लग्न लपवून दुसरे करतात, खुनाचा प्रयत्न करतात. धर्मगुरू आणि समीक्षक चिडले, ग्रंथालयांत मात्र या पुस्तकांसाठी रांगा लागल्या. वाईट बाईला शेवटी शासन होत असल्याने म्यूडीचीही हरकत नव्हती.

जॉर्ज एलियट म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स. ती १८५४ पासून विवाहित जॉर्ज हेन्री लुइस याच्याबरोबर लग्नाविना राहिली. त्यापायी तिच्या भावाने तिच्याशी संबंध तोडले, आणि पुष्कळ घरांत लुइसला एकट्याला आमंत्रण येई. तिच्या नायिका मात्र तिच्याइतके धाडस करत नाहीत, ही तक्रार स्त्रीवादी समीक्षेत वारंवार केली गेली आहे. ‘मिडलमार्च’ (१८७१–७२) वाचल्यावर ती तक्रार अर्धीच पटते. ज्ञानाची ओढ असलेली डोरोथिया ब्रुक आपल्याहून कितीतरी मोठ्या कॅसॉबन या पंडिताशी लग्न करते, कारण विद्येच्या जगात शिरायची तिला दिसणारी तीच एक वाट आहे. त्याचा अखंड चाललेला ग्रंथ म्हणजे टिपणांचा ढीग आहे, हे तिला हळूहळू कळते. मरताना तो मृत्युपत्राला पुरवणी जोडून ठेवतो: तिने त्याचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ याच्याशी लग्न केले तर मालमत्ता जाईल. मेलेल्या नवऱ्याचा हात बायकोच्या मनगटावर कायद्याने कसा टिकून राहतो, ते या एका कलमातून दिसते. ती विलशीच लग्न करते आणि आपल्या सातशे पौंडांवर संसार मांडते. दुसरीकडे रोझमंड विन्सी आपल्या डॉक्टर नवऱ्याची स्वप्ने गोड बोलून, हट्टाने, कर्जात बुडवून संपवते. घरात सजवून ठेवायची वस्तू म्हणून वाढवलेली मुलगी संसारात पडल्यावर दुसरे काय करणार? एलियट तिला दोष देते, पण तिला तसे घडवणाऱ्या शाळेलाही सोडत नाही.

अँथनी ट्रोलोपच्या ‘ही न्यू ही वॉज राइट’मध्ये (१८६९) संशयाने पछाडलेला नवरा कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बळावर बायकोपासून मूल हिरावून नेतो. नवऱ्याचा अधिकार बायकोच्या देहावरही चाले; तिला घरात कोंडून ठेवण्याचा हक्क त्याला नाही, हे इंग्लंडच्या न्यायालयाने स्पष्ट केले ते १८९१ च्या जॅक्सन खटल्यात. याच कायद्याचा एक फाटा मुंबईत पोचला होता. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून भारतात आला होता, आणि त्याच दाव्याखाली दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई यांच्यावर फिर्याद केली. इंग्लंडमध्ये अशा दाव्यातली कैदेची शिक्षा १८८४ मध्ये रद्द झाली. मुंबईत मात्र मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटले आणि त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या.

‘पतित’ स्त्रीचा प्रश्न कादंबरीकारांना सगळ्यांत अवघड गेला. १८३४ च्या गरिबांसंबंधीच्या कायद्याने विवाहबाह्य मुलाची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे आईवर टाकली होती. डिकन्सने अँजेला बर्डेट-कूट्स या श्रीमंत बाईंच्या पैशातून १८४७ मध्ये लंडनजवळ युरेनिया कॉटेज नावाचे आश्रयघर काढले, आणि तिथल्या मुलींना शिकवून-सवरून जहाजाने वसाहतींत पाठवले. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधली एमिलीही शेवटी ऑस्ट्रेलियालाच जाते. एलियटच्या ‘अ‍ॅडम बीड’मधल्या (१८५९) हेटी सॉरेलने आपले अर्भक रानात टाकलेले असते, तिची फाशी शेवटच्या क्षणी टळून तिला हद्दपारी मिळते. अशा बाईला इंग्लंडच्या भूमीवर जगू द्यायला कादंबरीही तयार नव्हती.

एलिझाबेथ गास्केलने तसा प्रयत्न केला. ‘रूथ’ (१८५३) या कादंबरीतली पोरकी शिवणकाम करणारी मुलगी एका श्रीमंत तरुणाकडून फसवली जाते. एक धर्मोपदेशक आणि त्याची बहीण तिला विधवा म्हणवून आपल्या घरी ठेवतात आणि ती मूल वाढवते. गास्केलचा नवरा मँचेस्टरमध्ये धर्मोपदेशक होता, आणि त्याच्याच मंडळीतल्या काहींनी पुस्तकाचा पहिला खंड जाळला. तरीही शेवटी रूथ साथीत रुग्णसेवा करता करता मरते. शेवटाचा आराखडा पत्रातून कळल्यावर शार्लट ब्राँटीने तिला मरायची काय गरज, असे विचारले होते. उत्तर ग्रंथालयांच्या कपाटांत होते.

जवळजवळ चाळीस वर्षांनी टॉमस हार्डीने ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ला (१८९१) ‘शुद्ध स्त्री’ असे उपशीर्षक दिले तेव्हा वाद पुन्हा पेटला. लग्नाच्या रात्री एंजल क्लेअर लंडनमधल्या एका अनोळखी बाईबरोबरचे आपले प्रकरण कबूल करतो आणि टेस त्याला तत्काळ क्षमा करते. तिने स्वतःवरचा अत्याचार सांगितल्यावर तो तिला टाकून जातो. १८५७ चा घटस्फोट कायदा जे दोन मापांनी मोजत होता, तेच हार्डीने एका खोलीत समोरासमोर आणले. ‘ग्राफिक’ साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापताना त्याला अत्याचाराऐवजी खोटे लग्न घालावे लागले. गवळणींना पाणी साचलेल्या रस्त्यातून एंजल उचलून पलीकडे नेतो, तिथेही संपादकांच्या सूचनेवरून त्याच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली. नायिकेला फाशी चढवायला कुणाची हरकत नव्हती, पुरुषाने मुलींना उचलून घ्यायला होती! ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’वर (१८९५) इतका गदारोळ झाला की हार्डीने पुढे नवी कादंबरी लिहिली नाही.

शतकाच्या अखेरीस प्रश्नाचे स्वरूप बदलले. १८५१ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे पाच लाखांनी जास्त निघाल्या होत्या, आणि या ‘जादा’ बायकांचे करायचे काय, यावर मासिकांतून गंभीर चर्चा झडत होती. जॉर्ज गिसिंगने ‘द ऑड विमेन’मध्ये (१८९३) त्यांनाच नायिका केले. ऱ्होडा नन मुलींना टंकलेखन शिकवते आणि शेवटी लग्न नाकारून कामच निवडते. सारा ग्रँडने ‘द हेवनली ट्विन्स’मध्ये (१८९३) नवऱ्याकडून बायकोला होणाऱ्या गुप्तरोगाबद्दल उघड लिहिले. या ‘नव्या स्त्री’च्या कादंबऱ्यांत व्याख्यानबाजी फार आहे, आणि कला म्हणून त्यांतल्या थोड्याच टिकल्या.

स्त्रियांच्या कामांत सगळ्यांत मोठी संख्या घरगुती नोकर म्हणून राबणाऱ्यांची, पण साठ वर्षांच्या कादंबऱ्यांत मोलकरीण बहुधा दार उघडायला आणि चहा आणायला येते. तिला मध्यभागी आणले जॉर्ज मूर याने, ‘एस्थर वॉटर्स’मध्ये (१८९४). निरक्षर एस्थर कुमारी माता होते, नोकरीवरून काढली जाते आणि पोटासाठी एका श्रीमंत घरी दाई म्हणून त्यांच्या बाळाला अंगावर पाजायला राहते. तिचे स्वतःचे मूल दुसऱ्या बाईकडे ठेवलेले असते. मालकिणीच्या आधीच्या दोन दायांची मुले मेली, हे कळल्यावर ती मालकिणीला तोंडावर विचारते की तुमचे एक मूल जगावे म्हणून गरिबांची किती मुले मरायची, आणि आपले मूल घेऊन निराधारगृहात जाते. ती मरत नाही, परदेशी जात नाही, पश्चात्तापाने खंगत नाही. मुलाला वाढवते आणि तो मोठा झालेला पाहते. डब्ल्यू. एच. स्मिथच्या ग्रंथालयाने पुस्तक ठेवायला नकार दिला. पण ते एकाच खंडात निघाले होते आणि दुकानांतून थेट खपले. त्याच वर्षी म्यूडी आणि स्मिथ यांनी तीन खंडी कादंबऱ्यांना पूर्वीचा भाव देणे थांबवले आणि काही वर्षांतच ती पद्धत बंद पडली.